ओट्यावरचा अर्धा तास : मुलाचं मन, अभ्यास आणि हातचं काम

दुसरीच्या वर्गाची चाचणी होती. उताऱ्यात वाक्य होतं, 'आजी जप करत होती.' खाली प्रश्न, आजी काय करत होती? एका पोरानं लिहिलं, 'आजी झोपली होती.' मी लाल पेनानं फुली मारली. तो काही बोलला नाही, वही मिटून बसला. चार-पाच दिवसांनी त्याच्या घरी गेले, तर त्याची आई मांडीवरच्या धाकट्याला थोपटत होती. "जप रे भाऊ, जप." अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. पोराचं उत्तर त्याच्या भाषेत बरोबर होतं, चुकले मी होते.

मी जळगाव शहरात वाढलेली. घरात पुस्तकी मराठी, अहिराणी कानावरून गेलेली तेवढीच. नोकरीची एकवीस वर्षं मात्र पारोळा आणि अमळनेर तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये गेली. पालक तीन प्रकारच्या तक्रारी घेऊन येतात. पोरगं सारखं चिडतं किंवा रडतं, अभ्यासात लक्ष नाही, आणि स्वतःहून काही करत नाही, नुसतं मोबाइल मागतं. तिन्ही तक्रारींवर मी हल्ली एकच प्रश्न विचारते. त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेणारं माणूस घरात रोज अर्धा तास मिळतं का? खाली लिहिलंय ते या अर्ध्या तासाचं. चार ते बारा वयाच्या मुलांना धरून लिहिलं आहे, आणि ज्यांच्याकडे वेळ, जागा, पैसा सगळंच बेताचं आहे अशा घरांना समोर ठेवून.

पहिला आठवडा नुसतं बघायचं

सुरुवातीला काहीही बदलू नका. जुनी वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा. किती वाजता झोपलं आणि उठलं, काय खाल्लं, कधी आणि कशावरून बिनसलं, कशात रमलं. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीला सांगा, ती लिहील. या सात दिवसांत उपदेश बंद.

एका आईनं अशी वही ठेवली होती. मुलगा तिसरीत. "मना पोटमा दुखस" म्हणून शाळा बुडवायचा. डॉक्टरला दाखवून झालं होतं, पोटात काही निघालं नाही. (हे आधी करायचंच. दुखणं खोटं आहे असं आपणच ठरवून टाकायचं नाही.) वहीत मात्र दिसलं की दुखणं नेमकं सोमवारी आणि गुरुवारी येतं. त्या दोन दिवशी वर्गात उभं राहून मोठ्यानं पाढे म्हणायचे असत. तेराच्या पाढ्यात तो अडकला होता, पोरं हसली होती. भीतीनं मुलांच्या पोटात खरोखर कळ येते, ते नाटक नसतं. त्या शिक्षकांशी आईनं बोलून घेतलं, महिनाभर तो पाढे जागेवर बसून, शेजारच्या मित्राला म्हणून दाखवू लागला. पोट थांबलं.

वहीतली झोपेची ओळ नीट बघा. सहा ते बारा वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाच वयाच्यांना दुपारची धरून १० ते १३ तास. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या असतात, पोरं धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) नाहीतर अंगणात खाटेवर झोपतात आणि साडेपाचला उन्हाच्या आधी उठतात. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. मग दुपारी पोर चिडचिड करतं आणि आपण म्हणतो, हट्टी झालंय. दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत झोपवा आणि मग बघा हट्ट किती उरतो.

ओट्यावर बसायचं कसं

आठव्या दिवसापासून अर्धा तास. वेळ ठरलेली हवी, जागाही ठरलेली हवी. ओटा (घरापुढचा कट्टा) नसेल तर चुलीपुढं, गोठ्यात, धाब्यावर, कुठंही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप दिवेलागणीला घरी येतात, अंग मोडून आलेलं असतं. तेव्हा वेगळा वेळ काढा म्हणणं सोपं आहे, मला माहीत आहे. म्हणून भाकरी थापताना पोराला समोर पाटावर बसवा. हात चालू राहू द्या, कान मोकळे ठेवा. आई नसेल तर आजी, आबा, मोठी बहीण चालेल. बाप असेल तर फारच चांगलं, कारण आपल्याकडे बापाशी पोरांचं बोलणं फीचे पैसे आणि मार्क यांच्यापुरतंच राहतं.

प्रश्न कसे विचारता यावर सगळं अवलंबून आहे. 'आज शाळेत काय शिकवलं?' याला उत्तर येतं, 'काही नाही.' त्याऐवजी विचारा, डब्यातली शेवभाजी कुणी कुणी खाल्ली? आज कुणाला ओरडा बसला? मधल्या सुट्टीत तू कुठं होतास? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण एकटं पडलेलं मूल तिथंच सापडतं. 'पायऱ्यांवर बसलो होतो' असं तीन दिवस आलं की समजून घ्या.

मूल बोलायला लागलं की तुम्ही गप्प. मधेच थांबलं तर मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला ते पुढचं बोलतं, आणि खरी गोष्ट त्या पुढच्या वाक्यात असते. उपाय लगेच सांगू नका. 'मग तू पण मारायचं ना त्याला' किंवा 'जाऊ दे, सोड' ही दोन्ही वाक्यं बोलणं बंद करतात. एवढंच म्हणा, 'बरं, मग?'

घरात अहिराणी असेल तर हा अर्धा तास अहिराणीतच झाला पाहिजे. तावडी, लेवा बोली, भिली, पावरी, गुजरी, जी असेल ती. मुलाला वळण लागावं म्हणून काही घरांत मुद्दाम मोडकीतोडकी पुस्तकी मराठी बोलतात, आता तर इंग्रजी. रडू येत असताना कुणी परक्या भाषेत रडत नाही. आणि एक नियम कडक पाळा. ओट्यावर सांगितलेलं पाहुण्यांपुढं काढायचं नाही. लग्नात चार बायकांत 'आमचा हा अजून अंथरुणात करतो' असं एकदा म्हणालात की तो पुढची दोन वर्षं तुम्हाला काही सांगणार नाही. कुणी त्याला हात लावला, त्रास दिला असं सांगितलं तर मात्र ते गुपित ठेवायचं नसतं. तेव्हा मुलाला सांगायचं, तू बोललास ते बरं केलंस, आता मी बघते.

राग, भेव, लाज

मुलाला जे होतंय त्याला नाव मिळालं की अर्धा गोंधळ शमतो. राग आणि रडू ही दोनच नावं आपण शिकवतो. 'माले भेव लागस' म्हणणारा मुलगा घाबरट ठरतो, म्हणून तो भेव रागाच्या रूपात बाहेर काढतो, दप्तर फेकतो. हेवा वाटणं, लाज वाटणं, कसंनुसं होणं, करमत नसणं, हे शब्द तुमच्या स्वतःच्या बोलण्यात येऊ द्या. 'आज व्यापाऱ्यानं भाव पाडला, माले भलता राग उना व्हता, मग मी पाणी पिऊन जरा गप बसलो.' बापाच्या तोंडून असं एक वाक्य आलं तर ते पन्नास उपदेशांपेक्षा जास्त शिकवून जातं.

प्रत्यक्ष आकांडतांडव चालू असेल, बाजारात लोळण घेतली असेल, तर समजावायला जाऊ नका. त्या वेळी समजूत आत शिरत नाही. दगड, रस्ता, चूल यांपासून बाजूला घ्या. त्याच्या उंचीला बसा. आवाज खाली आणा, आपला श्वास मोठा आणि सावकाश घ्या, मूल हळूहळू त्या लयीत येतं. 'तुला ती गाडी हवी होती, मिळाली नाही, म्हणून राग आलाय' इतकंच म्हणा. गाडी मात्र घ्यायची नाही म्हणजे नाही. शांत झाल्यावर पाणी द्या, आणि काय करायला हवं होतं हे रात्री ओट्यावर बोला. पहिल्या पाच-सहा वेळा काहीच उपयोग झाला नाही असं वाटेल. बाजारातले लोक बघतात याचीच लाज आपल्याला जास्त असते, आणि धपाटा बहुतेक त्या लाजेतून बसतो.

मारण्याबद्दल मला लांबण लावायची नाही. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलेलं आहे. घरी हात उचलला गेला तर रात्री मुलाजवळ बसून 'मी चुकलो' म्हणा. त्यानं बापाचा धाक जात नाही.

त्याचंच बोलणं, त्याचंच पुस्तक

आता अभ्यास. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

शंभर पानी, मोठ्या रेघांची वही आणा. ओट्यावर मूल बोलतं त्यातली दोन-तीन वाक्यं, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, मोठ्या अक्षरात लिहून घ्या. एक अक्षरही सुधारू नका. दुसरीतल्या त्या जपवाल्या मुलाची पहिली नोंद माझ्यापाशी अजून आहे : 'आमनी म्हैसले पारडू व्हयनं. बाप म्हने, जप. माले जप उनी नई.' लिहून झालं की शब्दाखाली बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. मग त्याला म्हणायला लावा. स्वतःचंच बोलणं असल्यामुळे पुढचा शब्द कोणता ते त्याला ठाऊक असतं, बोट आणि जीभ जुळायला लागतात. दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा शब्द झाकून ओळखायला द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या पानावर चित्र त्यानं काढायचं. पंधरवड्यानं एक वाक्य त्यानं स्वतः लिहायचं, उरलेली तुम्ही.

पुस्तकी मराठी कधी आणायची? दहा-बारा पानं झाल्यावर. डाव्या पानावर त्याचं वाक्य, उजव्या पानावर तेच शाळेच्या भाषेत, दोघांनी मिळून. 'माले जप उनी नई', 'मला झोप आली नाही.' मूल इथं खूश होऊन भाषांतर करतं, कारण एका भाषेत तो तुमच्या बरोबरीचा किंवा वरचढ असतो. पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. तुमच्या गावात ते कधी येईल ते येवो, वही आज आणता येते.

बोललेलं कुणीतरी लिहून घेणं ही काय चीज आहे हे खान्देशाला दुसऱ्यानं सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्या रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी लिहून ठेवलं तेवढं उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक आलं त्यानंतर १९५२ मध्ये. न लिहिलेलं किती वाहून गेलं असेल याचा हिशेब कुणाकडेच नाही.

गणिताला वेगळं साहित्य विकत घेऊ नका. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरतो तेव्हा फण्या मोजायला लावा. एका फणीतली केळी मोज, फण्या मोज, आता सगळी न मोजता अंदाज सांग. मग मोजून बघ, कितीनं चुकलास? वरच्या फण्या मोठ्या आणि खालच्या लहान, म्हणून गुणाकार थोडा फसतो. तो का फसला यावर दहा मिनिटं बोलणं होतं, आणि ती दहा मिनिटं म्हणजे खरं गणित. कापसाच्या घरात वजनाची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. आज आईनं किती किलो वेचला, किलोमागे दर काय, हजेरी (मजुरी) किती झाली. आठवडे बाजारात सुट्टे पैसे त्यालाच परत घेऊ द्या.

पाठांतर करायचंच असेल तर एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा आज एकदा, परवा एकदा, आठवड्यानं एकदा, आणि दर वेळी आधी पुस्तक मिटून काय आठवतंय ते सांगायला लावा. आठवताना अडखळणं हाच त्यातला व्यायाम आहे. लगेच उत्तर पुरवू नका.

फळ्यावरचं सतत चुकीचं उतरवणारं, हाक मारली तरी न वळणारं मूल आळशी ठरवण्याआधी डोळे आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका.

हातचं काम

कल्पकतेसाठी क्लास लावायचा ही नवीन टूम आहे. मला ती फारशी पटत नाही. गुलाबाई बसली की (काही घरांत तिला भुलाबाई म्हणतात) भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात. बंद डबा कानाशी नेऊन, आवाजावरून, वासावरून, 'गोड आहे का? तळलेलं आहे का?' असं विचारत विचारत मुली खाऊपर्यंत पोचतात. अंदाज बांधणं, प्रश्न नेमका करणं, आधीचं उत्तर लक्षात ठेवणं, सगळं त्यात आलं. हा खेळ महिनाभर आणि मुलींपुरताच का ठेवायचा? आमच्या शाळेत दर शनिवारी मुलगेही डबा आणतात. एका पठ्ठ्यानं डब्यात काहीच न ठेवता आणला होता. अर्धा तास कुणाला ओळखता आलं नाही.

घरात एक खोका ठेवा. चिंध्या, चिंचोके, मक्याची कणसं, सुतळी, काडेपेट्या, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या, जुनी लग्नपत्रिका. बटणाचे सेल, चुंबक आणि धारदार वस्तू ठेवू नका. पोळ्याच्या आधी तळ्याकाठची चिकणमाती आणून ठेवा आणि बैल त्यालाच करू द्या. तुमचा हात लावायचा नाही. शिंगं वाकडी झाली, एक पाय आखूड झाला तरी पूजेला तोच बैल. विकतचा शेजारी ठेवलात की त्याचा बैल त्याच क्षणी पडला म्हणून समजा.

चित्र दाखवायला आणलं तर 'वा, छान' म्हणून मोकळे होऊ नका, आणि 'हे काय काढलंस?' असंही नको, त्यात तुम्हाला ओळखू आलं नाही हे त्याला कळतं. 'यातलं मला सांग बरं' म्हणा. त्यानं काळा सूर्य काढला असेल तर कारण असतं. ग्रहण असतं किंवा नुसता पिवळा खडू संपलेला असतो.

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो. बारा ते चार बाहेर पाठवता येत नाही. हे चार तासच मोबाइलकडे जातात. सकाळी बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचं काम असेल तर मुलांना त्यात घ्या. गरम घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) वाटीत तेल टाकून खायला मिळतो म्हणून ती आपोआप येतात. एक धोतर त्यांना वेगळं द्या, हवे त्या आकाराचे बिबडे थापू द्या, वाळल्यावर ते त्यांचेच. दुपारी आजीला बसवून जात्यावरच्या ओव्या, नदीच्या पुराच्या, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायला लावा आणि वहीवाल्यानं त्या उतरवून घ्यायच्या. मधला काही वेळ मूल 'करमत नाही' म्हणत लोळेल. लोळू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी ते खोक्याकडे जातं.

मोबाइलचं थोडक्यात. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याहून लहानांना अजिबात नको. मोठ्या मुलांना वेळ ठरवून, जेवताना आणि झोपायच्या आधी तासभर बंद. हा नियम घरातल्या बापालाही लागू केला तरच टिकतो, एरवी आठ दिवसांत मोडतो. मी मोडलेला पाहिलाय, माझ्याच घरात.

घरच्या उपायांवर थांबू नये अशा खुणा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मूल आवडत्या खेळातही रमत नाही, जेवण-झोप बिघडली आहे, बोलणं एकदम कमी झालं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, एखाद्या माणसाचं नाव काढताच आक्रसतं, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशासारखं काही बोलतं. शेवटच्या दोन खुणांना दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हालचाल करायची. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल, कुणी त्रास देत असेल तर १०९८. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. भगताकडे जाऊन आलात तर आलात, मी भांडणार नाही, पण दवाखाना चुकवू नका. आणि मुलाला 'वेड्याचा डॉक्टर' हा शब्द ऐकू येऊ देऊ नका.

त्या जपवाल्याची वही आठ महिन्यांनी भरली. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून मोठ्या मायला पहिलं पान वाचून दाखवत होता. तिला अक्षर येत नाही. तिनं डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाली, "आखो एकदाव." त्यानं पुन्हा वाचलं. "पारडू नई रे," ती म्हणाली, "वगार व्हती ती." वगार म्हणजे मादी पारडू.

त्यानं माझ्याकडे खोडरबर मागितलं.